मावशीचा पेला

नारायणगाव,
मंगळवार, रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुझ्या खोलीतल्या मित्राचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तरीही तो तालमी चुकवत नाही, हे तू मला विश्वासाने सांगितलेस, आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते "तू आधी खोली बदल." दुसऱ्या वाक्यात मी त्याचे नाव विचारले. तू ते सांगितले नाहीस, हे योग्यच केलेस. विश्वासाने कळलेली अशी गोष्ट त्या माणसाच्या संमतीवाचून उघड करू नये, असे २०१७ चा कायदाच सांगतो आणि मी तो वर्तमानपत्रात दोनदा वाचलेला आहे. वाचलेले तोंडाशी वेळेवर येत नाही, एवढाच काय तो दोष. तरी एक विचारतो, रागावू नकोस: तुमचे दाढीचे सामान वेगवेगळे आहे ना?

खोली बदल म्हणणारा माणूस अठरा हंगाम तमाशाच्या फडाबरोबर हिंडलेला आहे, हे तुला ठाऊक आहे. पण फड मी का सोडला, हे तुला पुरते कोणी सांगितलेले नाही. "पगार वेळेवर मिळत नसे" असे आपल्या घरात सांगतात. ते खोटे नाही, पण ते कारणही नव्हे.

१९८१ च्या दसऱ्याला मी हिशेबनीस म्हणून फडात लागलो, तेव्हा बोर्डावर मावशीचे काम करणारा गडी माझ्याच वयाचा होता. गण संपून गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या, की हा नऊवारी नेसून, एक हात कमरेवर ठेवून पुढे येई आणि पेंद्या काही बोलण्याआधीच निम्मे पब्लिक हसू लागे. फडात आणि फडाबाहेर सगळे त्याला मावशीच म्हणत. त्याचे खरे नाव उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, वहीत मी लिहीत असे, तेवढेच काय ते वापरात होते. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आम्ही एकाच ट्रकमध्ये, गुंडाळलेल्या कनातींवर, एका घोंगडीत झोपलो. राहुटीत खेळ ठरवून सुपारी द्यायला गावकरी आले, की त्यांच्यापैकी खरा पैसेवाला कोण आणि नुसता बोलका कोण, हे त्यांच्या चपलांवरून कसे ओळखायचे ते मला त्याने शिकवले. त्याला लिहिता येत नसे, म्हणून त्याच्या आईला दर पंधरवड्याला कार्ड मी लिहीत असे. तो सांगे आणि मी लिही. मात्र शेवटची ओळ "तब्येत उत्तम आहे" ही त्याला कधी सांगावी लागली नाही.

तुझ्या बारशाला पाळणा त्यानेच म्हटला होता. तुझ्या आत्याला तो पुरुषाने म्हणणे आवडले नव्हते, पण एकदा त्याने सूर लावल्यावर ती गप्प बसली.

१९९७ च्या हिवाळ्यात, पुसेगावच्या यात्रेत, तो लुगडे नेसत असताना माझ्या प्रथम ध्यानात आले. पूर्वी त्याच्या कमरेला सात निऱ्या बसत. त्या रात्री अकरा बसल्या, आणि तरीही काष्टा सुटू नये म्हणून त्याने सुतळी बांधली. खोकला दिवाळीपासून होता. क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या, तोंडात पांढरे चट्टे आले, आणि मग एका दवाखान्यात रक्त तपासल्यावर तो कागद हाती आला. कागद वाचला मी. त्याला वाचता येत नव्हते. बाहेर एसटीच्या थांब्यावर मी त्याला सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मालकाला आज सांगू नका, आज सुपारी मोठी आहे."

आमच्यापैकी कोणाला काहीच ठाऊक नव्हते, असे आता म्हणणे सोयीचे आहे. १९८६ साली मद्रासला हा विषाणू भारतात पहिल्यांदा सापडला, तेव्हा फडात त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते, हे खरे. पण १९९२ पासून भोसरीला एड्सच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था होती, नारायणगावाहून पुण्याला जाणारी प्रत्येक एसटी भोसरीवरूनच जाते, आणि ताटातून, पेल्यातून, हात धरल्याने हा रोग लागत नाही, हे तेव्हा सरकारी भिंतींवर रंगवलेलेही होते. मी ते वाचले होते. मालकाने मला लाल ऑइलपेंटची डबी दिली आणि त्याच्या पेल्याला खूण करायला सांगितले, तेव्हा ते वाचलेले सगळे माझ्याजवळ होते. मी जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला पालथा घातला आणि बुडावर ठिपका दिला, तोही व्यवस्थित, वाळेपर्यंत फुंकर घालून. अक्षर चांगले असलेल्या माणसाचा हात तशा कामातही नीट चालतो.

त्याने खूण पाहिली आणि दिवसभर काही बोलला नाही. रात्री बोर्डावर पेंद्याने नेहमीप्रमाणे "मावशे, पाणी पाज" म्हटल्यावर, पदरात हात पुसत तो म्हणाला, "नको रे बाबा, माझ्या पेल्याला मालकाने कुंकू लावलंय, मी त्याची सवाष्ण झाले!" पब्लिकने तंबू डोक्यावर घेतला. ढोलकीवाल्याची थाप मात्र चुकली, आणि बाजूला गल्ला मोजत बसलेल्या मला त्या नोटा तीनदा मोजाव्या लागल्या.

तो घरी का गेला नाही, असे तू विचारशील. बहिणीच्या लग्नासाठी त्याने अठरा हजारांची उचल घेतली होती, आणि उचल फिटल्याशिवाय फडातून सुटता येत नाही. आकडा माझ्याच अक्षरात होता. मालक दुष्ट नव्हता; त्याच्याही डोक्यावर सावकार होता, आणि आजाऱ्याच्या नावाची बोंब झाली तर चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या जातील, ही त्याची भीती खरी होती. पण हे सारे समजून घेता घेता आम्ही सगळे त्याच्यापासून हातभर लांब बसू लागलो. घोंगडी मी त्याला देऊन टाकली. तो ते माझे औदार्य समजला की काय, हे मी त्याला विचारले नाही.

१९९९ च्या चैत्रात तो गेला. १९९६ पासून परदेशात तीन औषधे एकत्र देऊन माणसे वाचवली जात होती, पण त्यांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ साली आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि १ एप्रिल २००४ पासून जे. जे. रुग्णालयासारख्या ठिकाणी ती सरकारातून फुकट मिळू लागली. म्हणजे पाच वर्षे कमी पडली. मी हिशेबनीस असल्यामुळे ही वजाबाकी माझ्या डोक्यात वारंवार होते. त्याच्या आईला मी कार्ड लिहिले नाही, तार केली. तारेत शब्द मोजून पैसे पडत, म्हणून कमी लिहिले तरी चालत असे. बुद्धपौर्णिमेला मी वही मालकाच्या हवाली केली आणि बाजार समितीत आडत्याकडे टोमॅटोची पट्टी लिहायला लागलो.

त्याच फडातली एक गवळण २००६ पासून गोळ्या घेते आहे. तिने आपल्याकडे येऊन तुला कितीदा जेवू घातले आहे. ती कोण, हे मी सांगणार नाही, आणि तूही ओळखायचा प्रयत्न करू नयेस. गेल्या माघात तिने नातवाचे जावळ काढले. तेव्हा तुझ्या मित्राने गोळी एक दिवसही चुकवू नये. रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, की तो शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही, असे आता डॉक्टर खात्रीने सांगतात. पण ते गोळ्या नेमाने चालू राहिल्या तरच. दौऱ्यावर महिन्याच्या गोळ्या बरोबर ठेवाव्यात, त्या सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नयेत, कारण ट्रक चुकतो आणि माणूस पोचतो. त्याच्या गोळीचा गजर तू आपल्या फोनवर लावून ठेवला आहेस, असे तू म्हणालास. ते ऐकून मला काय वाटले, ते मला फोनवर सांगता आले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आणि तूही तपासणी करून घे. सरकारी केंद्रात ती फुकट होते आणि गुप्त राहते. एकदा करून भागत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मी हे संशयाने लिहीत नाही. तुम्ही दोघे एकमेकांचे कोण आहात, हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. तुला सांगावेसे वाटले तर मी ऐकेन, आणि या वेळी पहिले वाक्य जपून बोलेन. पण तपासणी कर. दाढीचे सामानही ज्याचे त्याने वेगळे ठेवावे, हे तसे सर्वांनाच लागू आहे. पाहा, पुन्हा तेच लिहिले. खोडणार होतो, पण खोडलेले वाचण्याची तुला लहानपणापासून सवय आहे, म्हणून राहू देतो. क्षमा कर.

एक गोष्ट राहिली. मावशी जाण्याच्या महिनाभर आधी गावच्या जत्रेत तू आईबरोबर तंबूवर आला होतास. तिसऱ्या वर्षात होतास. तो राहुटीच्या दाराशी पायांतले चाळ सोडत बसला होता. त्याने तुला पाहून दोन्ही हात पुढे केले आणि तू धावत निघालास. मी तुझा दंड धरला. इतका घट्ट, की संध्याकाळी तुला आंघोळ घालताना तुझ्या आईने चार बोटांचे वळ पाहून "हे काय?" असे विचारले. त्याने पुढे केलेले हात तसेच खाली नेले आणि सुटलेले चाळ पुन्हा बांधायला घेतले, जणू ते हात त्यासाठीच निघाले होते.

रविवारी फोनवर मी पुन्हा तुझा दंडच धरला. तू सोडवून घेतलास.

शेंगदाण्याचे लाडू आणि लसणीची चटणी उद्या ओळखीच्या गाडीने पाठवतो आहे. दादरला सकाळी सातपर्यंत मिळेल. तुम्हा दोघांसाठी आहेत. दोन डबे करू या, असे मी तुझ्या आईला म्हणालो होतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि सगळे लाडू एकाच डब्यात भरले.

तुझे,
दादा