ज्या ताईंनी आधी बाबांना विचारलं

ताई, नमस्कार.

परवा शेवटची गाडी भरून गेली आणि बाग मोकळी झाली. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या बागेतले बिघडलेले वायरलेस व्हॉल्व्ह नीट करून तुम्ही निघालात तेव्हा मला धड बोलताच आलं नव्हतं.

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग, ठिबकचे 12 व्हॉल्व्ह. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझी कंपनीत रात्रपाळी असली की 74 वर्षांचे बाबा बॅटरी आणि काठी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला जायचे. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे. मशीनवर उभा असताना माझं अर्धं लक्ष फोनकडे असायचं. म्हणून कर्ज काढून वायरलेस व्हॉल्व्ह बसवले.

ऑक्टोबर छाटणीनंतर, वेली उघड्या होत्या तेव्हा, सगळं छान चाललं. डिसेंबरात पाला भरला आणि खेळ सुरू झाला. फोनवर हिरवी खूण, 'व्हॉल्व्ह 7 चालू', आणि शेतात ड्रीपर कोरडे ठणठणीत. ऐन मणी फुगायच्या दिवसांत तो तुकडा पाच दिवस तहानलेला राहिला. दोनदा बंद व्हॉल्व्हवर पंप चालून सबलाईन फुटली.

बसवणाऱ्यांना अकरा फोन केले. दर वेळी मेसेज तेवढा लगेच यायचा, 'तुमची तक्रार नोंदवली आहे'. शेवटी एक साहेब आले, ओट्यावरूनच स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "सिस्टीम ओके आहे, तुमच्या वडिलांना मोबाईल कळत नाही." बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते पुन्हा काठी घेऊन निघाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

तुम्ही आलात, लॅपटॉपची बॅग खाली ठेवलीत आणि पहिला प्रश्न बाबांना केलात. "बाबा, व्हॉल्व्ह उघडला हे तुम्हाला कसं कळतं?" बाबा जरा बिचकले. मग म्हणाले, "पाइपला हात लावायचा. आधी आत वारा फुसफुसतो, मग पाइप गार पडतो, मग टाईट होतो." तुम्ही वही काढून लिहून घेतलंत. "टाईट व्हायला किती वेळ लागतो?" "शंभर मोजेपर्यंत." तेही लिहिलंत, आणि खाली रेघ ओढलीत. बाबा त्या वहीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो.

रात्री तुम्ही सातव्या व्हॉल्व्हपाशी उकिडव्या बसलात, पाइपवर हात ठेवून. सोलेनॉईडचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या विजेच्या चुंबकाचा, टक्क आवाज आला, पाइप फुसफुसला. दहा सेकंदांत पुन्हा टक्क, आणि सगळं गप्प. फोनवर मात्र हिरवी खूण. "बाबा बरोबर आहेत," तुम्ही म्हणालात.

तुम्ही समजावलंत ते असं. पंपघरावरच्या उंच अँटेनाचा हुकूम व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. व्हॉल्व्हची पोच, म्हणजे 'हुकूम मिळाला' हे उत्तर, मात्र गुडघाभर उंचीच्या अँटेनातून, बॅटरीच्या जेमतेम ताकदीवर, भरल्या पाल्यातून परत यायची, आणि पाल्यातलं पाणी 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शोषून घेतं. पोच हरवली की हुकूम सोडणारी पंपघरातली पेटी तोच हुकूम पुन्हा सोडायची. हुकूम होता 'बदल': बंद असेल तर उघड, उघडा असेल तर बंद कर. दुसऱ्या हुकमाची पोच मिळाली की पेटीच्या लेखी काम झालं.

4जी फोनसुद्धा आलेल्या प्रत्येक पॅकेटची पोच टॉवरला साधारण 4 मिलिसेकंदांनी देतो, मिळालं किंवा नाही मिळालं. आणि आलेलं पॅकेट नवं की तेच पुन्हा, हे ओळखायला टॉवर एक वेगळा बिट, म्हणजे 0 किंवा 1 अशी खूण, पाठवतो, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्या पेटीत तसली कुठलीच खूण नव्हती. एवढा साधा विचार आमचे पैसे घेणाऱ्यांनी का केला नाही?

आता अँटेना मांडवाच्या वर आहेत. हुकूम सरळ 'उघड' किंवा 'बंद' असा जातो, आणि प्रत्येकाला नंबर आहे. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर व्हॉल्व्ह हलत नाही, पोच तेवढी परत देतो. दोन व्हॉल्व्ह एकदम बोलले तर दोघांपैकी कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून पोच न मिळाल्यास पेटी दर वेळी वेगवेगळा वेळ थांबून विचारते. हवाई बेटांवर 1971 मध्ये सुरू झालेल्या अलोहानेट या कॉम्प्युटरच्या बिनतारी जाळ्यात हीच युक्ती होती म्हणालात. तीनदा विचारून उत्तर नाही, तर पंप बंद. आणि हिरवी खूण पाइपमधल्या प्रेशर स्विचने होकार दिल्यावरच लागते. 100 सेकंदांत पाइप टाईट झाला नाही तरी पंप बंद. बाबांचे शंभर आकडे तुम्ही जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये घातलेत.

शिकलेली माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. समोरच्याला काही कळत असेल असं धरून चालणारी फार थोडी भेटली. तुम्ही भाड्यापुरते पैसे घेतलेत आणि जाताना बाबांच्या पाया पडलात. त्यावर बाबा दोन दिवस बोलत होते.

त्या तुकड्यातला माल यंदा हलकाच निघाला, ते आता भरून येणार नाही. बाबा अजून रात्री सवयीने उठतात. ओट्यावर येऊन फोनवर खूण बघतात, घोटभर पाणी पितात आणि परत झोपतात. काठी दाराआड उभी असते. एप्रिलची छाटणी झाली की या. काम काही काढणार नाही, जेवायला या. आईने मांडे करायचं ठरवलं आहे.