सोलापूरच्या पूर्व भागातल्या टेलर मास्तरांना

मास्तर, नमस्कार.

तुमची सून हे तुम्हाला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

देशभरच्या शाळांचे युनिफॉर्म शिवून पाठवणाऱ्या आपल्या सोलापुरात माझ्या लेकराच्या अंगावर टिकेल असा एक शर्ट मिळत नव्हता. लेक ऑटिस्टिक आहे, बोलतो अगदी थोडं. मानेमागचं लेबल, कडक कॉलर, आतली शिवण आपल्या लक्षातही येत नाही. अशा बऱ्याच मुलांना ती सहनच होत नाही. (काहींचं उलट असतं, त्यांना घट्ट कपड्यातच बरं वाटतं.) त्यात जूनचा उकाडा आणि टेरिकॉट. शाळेत पोचेपर्यंत वरची बटणं तुटलेली असायची.

शाळा म्हणे, नियम सगळ्यांना सारखा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं शाळेचं काम आहे, हे कागदासकट सांगितलं. कागद फाईलला लागला. नातेवाइकांचं एकच, लाडावून ठेवलाय. रेडिमेडच्या दुकानात सल्ला मिळाला, "ताई, आधी डॉक्टरला दाखवा." दाखवलंय हो, पण डॉक्टर शर्ट शिवत नाहीत.

तुम्ही टेप काढलीत, तो मागे सरकला, तुम्ही टेप परत गळ्यात टाकलीत. एरवी माणसं "अरे, काका काही करत नाहीत" म्हणत दंडच धरतात. तुम्ही त्याचा धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट मागवलात आणि मापं त्यावरून घेतलीत. मग युनिफॉर्मचा शर्ट उलटा केलात आणि ओव्हरलॉकची शिवण स्वतःच्या गळ्यावर, दाढीच्या खुंटांखाली घासून बघितलीत. "टोचतंय की हे," तुमच्या तेलुगू हेलात म्हणालात.

एवढंच. पण आमचं पोरगं खरं सांगतंय का, हे घराबाहेरच्या कुणी स्वतःच्या अंगाला लावून बघितलं नव्हतं. मी तिथंच रडले असते, पण शेजारी गिऱ्हाईक उभं होतं.

कॉलरमधलं बक्रमचं कडक कापड काढलंत, त्याच रंगाचं सुती कापड आधी धुऊन मऊ केलंत, शिवणींच्या कडा दुमडून टाकल्यात. लांबून फरक कळत नाही. शाळेलाही अजून कळलेला नाही. हे वाचून कळला तर कळू दे.

तुम्ही आजाराचं नाव विचारलं नाहीत, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. किती टेबलांपुढं "नक्की काय होतं याला?" याचं उत्तर देत आम्ही उभे राहिलोय, ते आमच्यासारख्या आईबापांनाच ठाऊक. शिकलेली, खुर्चीवरची माणसं पुरावा मागत बसतात आणि मशीनवरचा माणूस बघून ओळखतो. ज्याच्यात माणुसकी असते त्याला फार समजावावं लागत नाही, मास्तर.

आता एक विनंती. थेरपीला भेटणाऱ्या दोन आयांना तुमचं दुकान सांगितलंय, त्या येतील. त्यांच्याकडून जादा कामाचे पैसे घ्या. माझ्याकडून नेहमीच्याच शिलाईवर भागवलंत, ते मला अजून पटलेलं नाही.

तुमची,
निळ्या शर्टवाल्याची आई