पाळीव प्राण्यांची नसबंदी कोणी करायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या आदेशांपासून महापालिकांच्या कामावर पुष्कळ लिहून आले आणि ते आवश्यकही होते; परंतु रस्त्यावरच्या या संख्येत आपल्याच घरांतून भर पडते, याची चर्चा फारशी झाली नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे, तर पाळीव प्राण्यांबाबत हीच जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली जाते का, हे कोणी तपासत नाही.

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. मांजर तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच वयात येऊ शकते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पहिल्या वेताची पिल्ले नातेवाईक हौसेने नेतात, दुसऱ्या वेताला मात्र कोणी फोन उचलत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या कचरापेट्यांजवळ बुटांच्या खोक्यात मांजरीची चार पिल्ले सापडली. त्यांचे डोळेही उघडले नव्हते आणि खाली टॉवेलची नीट घडी अंथरलेली होती, म्हणजे ती कोणाच्या तरी घरातूनच आली होती. आईच्या दुधावाचून त्यांतील एकही वाचले नाही.

'एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, मग शस्त्रक्रिया करू,' असे सुशिक्षित माणसेही सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही. उलट वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार सहसा होत नाही आणि स्तनांतील गाठींचा धोकाही कमी होतो. नराचा तर विचारच होत नाही, वास्तविक रात्री मोकळा सोडलेला एक बोका वस्तीतल्या कित्येक मांजरींना गाभण करतो. शस्त्रक्रियेचे योग्य वय प्राण्यागणिक बदलते, ते पशुवैद्यकालाच विचारावे.

खासगी दवाखान्यातला खर्च सर्वांना परवडत नाही, हे मान्य आहे. म्हणून महापालिकेने कुत्र्याचा परवाना देताना व त्याचे नूतनीकरण करताना नसबंदीची नोंद घ्यावी, ती झालेली असल्यास शुल्कात भरीव सवलत द्यावी आणि अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या पाळीव प्राण्यांसाठी प्रभागांत अल्प दरातील शिबिरे भरवावीत. या शिबिरांत मांजरांनाही जागा असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे