प्रशिक्षकांना आणखी वेळ द्यावा

महोदय,
आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ यंदाही पहिल्याच फेरीत हरल्यापासून प्रशिक्षकांना ठेवावे की बदलावे, यावरून कॉलेज रोडवरील चहाच्या टपऱ्यांवर माजी खेळाडूंमध्ये वाद पेटला आहे. निकाल वाईट आहेत, हे मान्यच. परंतु नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे सहाला मैदानावर स्वतः फक्कीच्या रेषा आखून, मुलांकडून डाव्या पायाने पास देण्याचा सराव घोटून घेणारा हा माणूस मी रोज पाहतो. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबकडे प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिला करंडक मिळायला १९९० उजाडले. आपल्या नाशिकची धावपटू कविता राऊत हिचे २०१० मधील राष्ट्रकुल कांस्यपदकही एका हंगामात घडलेले नव्हते. व्यवस्थापनाने आमच्या प्रशिक्षकांना आणखी दोन हंगाम द्यावेत, अशी कळकळीची विनंती.

– एक माजी खेळाडू, नाशिक