वापरणाऱ्याशेजारी बसायला हवे

महोदय,

संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप वापरायला सोपी व्हावीत यासाठी त्यांची आखणी करून देण्याचे काम मी कोणाच्या पगारावर न राहता करतो. ‘जरा आकर्षक करून द्या’ एवढीच बहुतेक ग्राहकांची अपेक्षा असते. परंतु रंग ठरवण्याआधी, ज्याच्या हाती ते अ‍ॅप पडणार त्याच्या शेजारी बसून, काहीही न सुचवता, तो कुठे अडखळतो हे पाहणे हा या कामाचा गाभा आहे. अशा चाचणीला पाच माणसे सहसा पुरतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० सालीच मांडले होते, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. एका पतसंस्थेच्या अर्जावर ‘पडताळणी अयशस्वी’ हे शब्द वाचून एका आजींना आपले खातेच बंद झाले असे वाटले. ‘मोबाइल क्रमांक पुन्हा तपासा’ असे लिहिल्यावर त्यांचे काम झाले. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत मराठी मात्रा आणि रफार कापले जातात, तेही कोणी वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चाचणीच्या फेऱ्या आणि दुरुस्त्यांची मर्यादा मी करारातच लिहून घेतो. वापरणाऱ्याच्या संमतीची आधीच खूण केलेले चौकोन किंवा मुद्दाम लपवलेले ‘रद्द करा’ बटण मात्र करून देत नाही, मग काम हातचे गेले तरी चालेल (आणि ते जातेही). केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांना मनाई केली आहे, हे ग्राहकांना दाखवावे लागते.

– एक वाचक, पुणे