ते काऊबॉय खरे होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरबसल्या काय पाहाल या सदरात 'द हार्डर दे फॉल' या 2021 च्या वेस्टर्नबद्दल, म्हणजे काऊबॉयच्या पिक्चरबद्दल, चार ओळी आल्यात, त्यात लिहिलंय की काळे काऊबॉय वगैरे हल्लीची फॅशन आहे, तेव्हा असं कोणी नव्हतंच. वाचून फार वाईट वाटलं. पिक्चर सुरू होतानाच पडद्यावर येतं की घटना काल्पनिक आहेत पण ही माणसं होऊन गेलीत, तेवढं तरी बघायचं ना!

टेक्सासात 1865 ला गुलामगिरी संपली. त्याआधी तिथे गुरं राखणं, घोडे वठणीवर आणणं, दोराचा फास टाकणं ही कामं गुलामच करायचे, आणि मालक सिव्हिल वॉरला, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाला, गेले तेव्हा तर कित्येक ठिकाणी सगळी गुरं यांच्याच भरवशावर होती. सुटका झाली तेव्हा ना जमीन ना पैसा, पण हे काम हातात होतं. टेक्सासात गुरांना भाव नव्हता, कॅन्ससला रेल्वे पोचली होती तिथे मिळायचा, म्हणून 1867 पासून हजारो गुरं दोन-दोन तीन-तीन महिने पायी हाकत न्यायचे, आणि त्या हाकणाऱ्यांत दर चौघांत एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आपण इंदूरवाल्यांना तर हे नवल वाटायला नको, मल्हारराव धनगराच्याच घरातले ना.

पिक्चरमध्ये रक्तपात अति आहे हे मान्य. मेरी फील्ड्सही पटली नाही, खरी मेरी चांगली उंच, दणकट बाई, साठीच्या पुढे मोंटानात टपालाची गाडी हाकायची, इथे नाजूक हिरॉइन घेतलीय. पण त्यावर टीका करा, माणसंच नव्हती असं कसं लिहिता?

माझा भाचा बारा वर्षांचा, पुरवणी तोच मोठ्याने वाचतो. त्याने विचारलं, मामा, म्हणजे पिक्चरमधला नॅट लव्ह खोटा? मी मोबाइलवर त्याचा जुना फोटो काढून दाखवला. लांब केस, मोठी हॅट, हातात रायफल, पायाशी खोगीर न् दोर. टेनेसीत 1854 ला गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, 1907 मध्ये त्याने स्वतःचं आत्मचरित्र छापलं. गुरं रेल्वेने जायला लागली, कुंपणं पडली, काम संपलं, तेव्हा हाच माणूस रेल्वेच्या डब्यात पोर्टर झाला, प्रवाशांच्या गाद्या घालायला. भाचा बराच वेळ फोटो मोठा करून करून खोगीरच बघत होता.

येत्या रविवारी त्याच सदरात दुरुस्ती छापा, आणि जागा असेल तर सोबत तो फोटोही.

आपला नेहमीचा वाचक,
इंदूर