पाव तोळ्याचं पत्र

ती. स्व. पोस्टमास्तर काकांना,
सा. न. वि. वि.

'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', असं तुम्ही मला भर वर्गात ऐकवलं होतं. म्हणून आधी मायना नीट लिहिला. पुढच्या चुका पोटात घाला. पत्र उघडं लिहितेय, कारण समोर आभार मानले की तुम्ही "चहा टाकताय ना बाई?" म्हणून विषय बदलता.

डिसेंबरात तुम्ही नातवाचा दाखला न्यायला शाळेत आलात, तेव्हा माझ्या टेबलावर सातवीच्या वह्या होत्या. जयंतीसाठी मुलांना 'सावित्रीबाई होऊन जोतीरावांना पत्र लिहा' असं सांगितलं होतं. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच : 'माझा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला.' मी त्याला बरोबरची खूणही करून ठेवली होती! तुम्ही चष्मा वर सारलात आणि विचारलंत, "लग्नाला सोळा वर्षं झालेल्या नवऱ्याला ही बाई आपली जन्मतारीख कशाला कळवतेय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आज सांगते. इतकी वर्षं मी पत्राच्या नावाखाली निबंधच लिहून घेत होते. वर तारखांना गुणही देत होते.

शनिवारी तुम्ही सोनाराकडून छोटा काटा घेऊन आलात. १८५४ मध्ये देशभर टपालाचा एकच दर झाला, अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, हे तुम्ही सांगितलंत. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमसुद्धा नाही. मुलांनी वहीची पानं काट्यावर टाकून पाहिली. एक पान कसंबसं बसत होतं, दुसरं ठेवलं की पारडं खाली. "आता गाळा काय गाळायचं ते," म्हणून तुम्ही खिडकीशी जाऊन बसलात. सगळ्यात आधी जन्मतारीख गेली. मग 'मी पहिली शिक्षिका आहे' गेलं. मी गप्प बसून पाहत होते, आणि खरं सांगायचं तर थोडी खजीलही झाले होते.

मग आपण त्यांचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र वाचलं. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी आहेत, भाऊ त्यांची शुश्रूषा करतोय, आणि तोच भाऊ महार-मांगांसाठी चाललेल्या या नवरा-बायकोच्या कामामुळे कुळाला बट्टा लागतो असं बोलतोय. त्या त्याला उत्तर देतात आणि तो सगळा संवाद नवऱ्याला कळवतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, भाऊ वाईट नव्हता. आजारपण तर त्यानंच काढलं." भाषणाच्या स्पर्धेत कुणी असं बोललं नसतं. तिथे भावाला खलनायक करून टाळ्या घ्याव्या लागतात.

दुसरं पत्र २० एप्रिल १८७७ चं, ओतूरहून, दुष्काळातलं. ओतूर म्हणजे आमच्या मुलांचं बाजाराचं गाव, त्यामुळे सगळ्यांना हेच हवं होतं. आणि ते स्वतः सावित्रीबाई होऊन लिहायला बसले, तिथेच सगळे फसले. एकीने धरण आटवलं. "कुठलं धरण गं?" तुम्ही विचारलंत. ती घरी गेली, आजीला विचारून आली. पिंपळगाव जोग्याचं धरण तर आजीच्या डोळ्यांदेखत झालेलं! दुसऱ्याने सावित्रीबाईंच्या हातात पोस्टकार्ड दिलं. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो निवृत्तीच्या समारंभातही नव्हता म्हणे. (काकू सांगत होत्या.)

पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो तुमचा तिसरा प्रश्न. एका मुलाने शेवटी लिहिलं होतं, 'नंतर हा दुष्काळ संपला.' तुम्ही इतकंच म्हणालात, "वीस एप्रिलला त्यांना कसं कळलं रे?" तो बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग त्याने ते खोडून लिहिलं, 'विहिरीत पोहरा टाकला की नुसता आवाज येतो. पुढच्या महिन्यात काय होईल सांगता येत नाही. तुम्ही येताना धान्याचं बघा.'

मी ते पान वर्गाच्या भिंतीवर लावलंय. खूण केलेली नाही.

आता मुलांना १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींची पत्रं करायची आहेत. समुद्रापार पत्राला किती पैसे पडत, किती दिवस लागत, सगळे प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलेत. सोनाराचा काटा अजून माझ्या कपाटात आहे. तो चौकशी करत होता, मी तुमचं नाव सांगून वेळ मारून नेली. तेव्हा येत्या शनिवारी याच. चहा टाकते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
सातवीच्या बाई